मध्यस्थ कोणाचा?

पिंप्राळ्यापासून समुद्र फार दूर आहे. आमचे गाव जळगावच्या महापालिकेत केव्हाच सामावून गेले असले, तरी येथील मनाचा मोठा प्रवास अजूनही पंढरपूरचाच. आणि ज्यांना तोही झेपत नाही, त्यांच्यासाठी आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथच गावातून फिरतो. अशा गावात राहून ‘क्रूझचे बुकिंग एजंटामार्फत करावे की थेट कंपनीकडे’ या प्रश्नावर आम्ही लिहावयास बसावे, यात काही वाचकांस चैनीचा वास येईल. तो आम्हांसही येतो. तथापि या प्रश्नाने २०२३ च्या डिसेंबरात आमची दोन रात्रींची झोप घालविली, आणि त्या निमित्ताने ‘मध्यस्थ’ या शब्दाकडे आम्हांस नव्याने पाहावे लागले. म्हणून हा प्रपंच.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या घरी आई आहेत. एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी गिरणा पाहिली, तापी पाहिली, नाशिकला गोदावरीत डुबकी घेतली. समुद्र मात्र पाहिला नव्हता. ‘मले एकदा समुद्र दाखव, मंग काही मांगत नाही,’ असे त्या दरवर्षी म्हणत आणि आम्ही दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे करीत असू. अखेर मुंबईहून निघून गोव्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या एका बोटीच्या सफरीचे ठरले. सोबत इतिहास विभागातील आमचे एक सहकारी आणि त्यांच्या पत्नी.

येथेच वाटा फुटल्या. सहकारी स्वावलंबनाचे पुरस्कर्ते. ‘मधल्या माणसाला पोसायचे कशाला?’ असे म्हणून त्यांनी रात्री जेवणानंतर कंपनीचे संकेतस्थळ उघडले आणि अकराच्या आत खोली आरक्षित करून मोकळे झाले. आम्ही गेलो एजंटाकडे. हा एजंट आमचा जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी.ए. झाला, चार वर्षे नोकरी शोधली, ती मिळाली नाही. मग एक गाळा भाड्याने घेऊन रेल्वे, विमान, यात्रा, हॉटेल अशी पाटी लावली. त्याच्याकडे जाण्यात थोडा जिव्हाळा होता, थोडी अपराधाची भावनाही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. आपण शिकविलेल्या विषयाने ज्याला पोट दिले नाही, त्याच्या दुकानातून निदान तिकीट तरी घ्यावे.

प्रथम पैशाचे सांगतो, कारण लोक प्रथम तेच विचारतात. दोन्ही बाजूंनी रकमा मांडून पाहिल्या तेव्हा माणशी फरक नगण्य निघाला. बोटीच्या धंद्याची रीतच तशी आहे. खोलीचे भाडे कंपनी ठरविते. ते संकेतस्थळावर आणि एजंटाच्या गाळ्यात बहुधा सारखेच असते. एजंटाला कंपनी त्या भाड्यातून कमिशन देते. बंदरशुल्क, कर अशा गोष्टींवर त्याला साधारणतः काही मिळत नाही, फक्त खोलीच्या मूळ भाड्यावर मिळते. तेव्हा ‘थेट घेतले की मधल्याचे पैसे वाचतात’ हा समज क्रूझच्या बाबतीत बराचसा भ्रामक आहे. थेट घेतल्याने वाचलेले कमिशन कंपनीच्या खिशात राहते, आपल्या नव्हे. आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. इतिहासाच्या माणसाला गप्प बसविणे सोपे नसते.

मग एजंटाने करावयाचे असते ते काय? पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून मुंबई-गोवा बोट सुटे, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नसावा. ती वाहन होती. खिडकीवर जायचे, डेक की वरचा वर्ग ते सांगायचे, तिकीट घ्यायचे. आजची क्रूझ हे वाहन नव्हे, ते तरंगते हॉटेल आहे. आतली बिनखिडकीची खोली, समुद्राकडची खिडकी की गच्ची? कोणता मजला? नाचगाण्याच्या दालनाच्या खाली की वर? बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर झोपावे, कारण तेथे हेलकावा कमी जाणवतो. आमच्या विद्यार्थ्याने आईंना पाहिले आणि विचारले, ‘आजी, गुडघे दुखता का?’ नंतर त्याने लिफ्टजवळची खोली घेतली. संकेतस्थळ हे विचारीत नाही.

आधारकार्डाचाही एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आईंचे नाव आम्ही अर्जावर घरी म्हणतो तसे लिहिले होते. कार्डावर त्याला ‘बाई’ जोडलेले. त्याने ते पाहताक्षणी दुरुस्त केले. सहकाऱ्यांनी मात्र पत्नीचे नाव भरताना आडनाव पहिल्या रकान्यात आणि नाव शेवटच्या रकान्यात टाकले, नवऱ्याचे नाव मध्ये लिहावे की नाही या घोळात तेही गाळले. आपल्या तिपेडी नावांना हे दोन रकान्यांचे अर्ज कधीच पुरत नाहीत. चूक ध्यानात आल्यावर दुरुस्तीसाठी त्यांनी कंपनीला फोन लावला. कोणत्या भाषेत बोलायचे ते बटण दाबून सांगा, कशासाठी फोन केला ते बटण दाबून सांगा, आणि मग संगीत. तीन दिवस आमचे सहकारी दुपारच्या सुट्टीत कानाला फोन लावून ते संगीत ऐकत बसलेले आम्ही पाहिले. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ती फार लवकर थोपटली.

निघण्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, सहकारी स्टाफरूममध्ये सहज म्हणाले, ‘बरे झाले, आम्ही आदल्या दिवशीच डोंबिवलीला मेहुण्यांकडे जातो आहोत. नाहीतर अकराच्या आत बंदरावर पोहोचणे कठीणच.’ आम्ही विचारले, अकराच्या आत का? आमच्या कागदावर चार लिहिले आहे. त्यांनी मोबाइल पुढे केला. अपरिहार्य कारणास्तव बोट लवकर सुटणार, प्रवाशांनी सकाळी अकराच्या आत हजर व्हावे, असा कंपनीचा निरोप त्यांना आदल्या रात्रीच आला होता. आमची गाडी शनिवारी पहाटे जळगावहून निघून दुपारी मुंबईला पोहोचणार होती.

विद्यार्थ्याला फोन केला, लागला नाही. लग्नसराईचे दिवस, तो साक्रीकडे कोणाच्या लग्नाला गेला होता. गाळ्याला कुलूप. मग कंपनीला फोन केला. बटणे झाली, संगीत झाले, आणि एक अत्यंत सुसंस्कृत आवाज म्हणाला की आपले बुकिंग एजंटामार्फत असल्यामुळे त्याविषयी आम्ही आपल्याशी बोलू शकत नाही, कृपया आपल्या एजंटाशी संपर्क साधावा. आम्ही सांगितले, प्रवास आमचा आहे, पैसे आमचे आहेत, नावे आमची आहेत. आवाज म्हणाला, ‘हो सर, पण बुकिंग त्यांचे आहे.’

हे वाक्य आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ घोळवीत बसलो. भाषेच्या माणसांना अशी खोड असते. प्रवासी आम्ही, पण बुकिंग त्यांचे. षष्ठी विभक्तीने एवढा घाव आजवर घातला नव्हता.

झाले होते ते असे. अर्जावर प्रवाशाचा संपर्क म्हणून आमच्या विद्यार्थ्याने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ई-मेल घातला होता. कंपनीचा निरोप त्याच्याकडे गेला होता आणि त्याच्या पेटीत इतर शेकडो निरोपांखाली न वाचता पडून राहिला होता. त्याने असे का करावे? निष्काळजीपणा म्हणून सोडून देता आले असते. परंतु चौकशी केली तेव्हा कळले की या धंद्यात ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तिच्यामागे भीती आहे. गिऱ्हाइकाचा क्रमांक कंपनीच्या हाती पडला, की पुढच्या वर्षी कंपनी सवलतीचा संदेश थेट गिऱ्हाइकाला धाडते आणि एजंटाचा पत्ता कटतो. त्याच्याकडे बोट नाही, हॉटेल नाही, विमान नाही. त्याचे भांडवल एकच: आम्ही.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. अमुक गावचे, अमुक कुळाचे यात्रेकरू अमुक उपाध्यायांचे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजोबा केव्हा आले, कोणाच्या श्राद्धाला आले, हे त्या वहीत सापडते. यजमान उपाध्यायाला निवडीत नसे, तो त्याच्या वहीत जन्मतःच नोंदलेला असे. वही म्हणजे मिळकत, तिची वाटणी भावाभावांत होई. आमचा विद्यार्थी मोबाइलच्या क्रमांकाआड हीच वही सांभाळीत होता. तो लबाड नव्हता, त्याची वही पातळ होती इतकेच.

असो. शुक्रवारच्या रात्रीच्या एका खासगी बसमध्ये तीन जागा मिळाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला वरच्या बर्थवर चढविता येईना म्हणून एका तरुणाने आपली खालची जागा दिली. बस सुटण्याआधी दहा मिनिटे आमचा विद्यार्थी मोटारसायकलवर धापा टाकीत आला. लग्नातून तडक निघाला होता, कपाळावर अक्षता तशाच. ‘सर, मॅडम, मेल आली व्हती, मी पाह्यलीच नाही,’ एवढे म्हणून त्याने आईंचे पाय धरले, हातात शेव-मुरमुऱ्याचा पुडा दिला. आई म्हणाल्या, ‘जाऊ दे रे भाऊ, मले समुद्र तं दिसीन ना?’

दिसला. बोट सुटण्याआधी तासभर आम्ही बंदरावर होतो. त्याबद्दल येथे लिहीत नाही.

परत आल्यावर मात्र या व्यवहाराचा विचार सुरू झाला. मित्रमंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणे, बघा, थेट घेतले असते तर निरोप तुमच्या हातात आला असता. दुसरा म्हणे, काही झाले तरी बसपर्यंत धावत कोण आला? कंपनी आली का? दोन्ही खरे आहे आणि दोन्ही अपुरे आहे. धावत येणारा चेहरा ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे विश्वास कागदावर बसत नाही, माणसावर बसतो. पण चेहरा म्हणजे जबाबदारी नव्हे. बोट चुकली असती तर आमचे पैसे त्याने कोठून दिले असते? त्याच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलेच होते की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, सेवा देणाऱ्या कंपनीच्या कृतीस आम्ही जबाबदार नाही. आणि कंपनी म्हणत होती, बुकिंग त्यांचे. दोन जबाबदाऱ्यांच्या मध्ये जी फट राहते, तिच्यात प्रवासी उभा असतो.

करोनाच्या काळात ही फट सगळ्या देशाने पाहिली. टाळेबंदीत विमाने थांबली, तिकिटांचे पैसे अडकले, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परताव्याविषयी आदेश दिला. त्यात एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा एजंटाच्याच मार्फत व्हावयाचा होता. न्याय्यच आहे ते, ज्या वाटेने पैसा गेला त्याच वाटेने परत येणार. पण त्या वाटेवरचे दुकान दरम्यान बंद पडले असेल तर? छोट्या गावांतील किती गाळ्यांना त्या दोन वर्षांत कुलपे लागली, ते आम्ही आमच्याच रस्त्यावर पाहिले आहे.

मोठी पेढी म्हणजे हमी, असेही नाही. १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सहल काढून थॉमस कुकने ज्या धंद्याचा पाया घातला, त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एका रात्रीत बुडाली. (भारतातील त्याच नावाची कंपनी स्वतंत्र मालकीची, तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता, हे नमूद करणे उचित.) परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारी देखरेखीखाली घरी आणले गेले, कारण तेथे सहलींच्या पैशाला संरक्षण देणारी सक्तीची योजना आहे. आपल्याकडे प्रवासी कंपन्यांना पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेता येते, परंतु ती ऐच्छिक; बुडाल्यास ग्राहकाला तारणारी तशी योजना नाही. एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती आमच्यासारख्या आडगावच्या लोकांना ठाऊक असावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यापासून ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. पूर्वी कंपनी मुंबईची तर बहुधा मुंबई गाठावी लागे. निदान एजंट तरी जळगावचा आहे, या युक्तिवादातील बराच दम त्यामुळे गेला आहे.

तिसरी वाट आहे ती समूहसहलीची, आणि मराठी माणसाची खरी आवड तीच. केसरी पाटील यांनी, जे मूळचे शिक्षक, १९८४ साली ‘केसरी’ सुरू केली आणि मध्यमवर्गाने ती उचलून धरली. त्याचे कारण आम्हांस दिंडीत दिसते. आमच्या जिल्ह्यातून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते. दिंडीत भिशी भरायची, सामान गाडीत टाकायचे, मुक्काम-जेवण दिंडीवाले पाहतात. तेथेही मध्यस्थ आहेच, पण तो आपल्याबरोबर चालत असतो. पाऊस आला तर त्याच्याही डोक्यावर येतो. क्रूझवर मराठी टूर मॅनेजर बरोबर घेऊन जाणाऱ्या कंपन्यांना लोक चार पैसे अधिक देतात, ते वरणभातासाठी नव्हे. मात्र दिंडीला दिंडीचा वेग असतो, आणि आईंच्या गुडघ्यांना तो मानवणारा नव्हता.

तेव्हा मूळ प्रश्न ‘थेट की मार्फत’ हा नाहीच, असे आमचे मत झाले आहे. मध्यस्थ कोणाचा, हा प्रश्न आहे. आणि मध्यस्थ त्याचा असतो, जो त्याला पैसे देतो. बाजार समितीत हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. आमची पुष्कळशी मुले शेतकऱ्यांच्या घरची. अडत्या हा म्हणायला शेतकऱ्याचा प्रतिनिधी. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला आणि शेतकऱ्याला दिलासा वाटला. दिलासा खराच होता. पण आमच्या वर्गातील एका मुलाने तेव्हा विचारले होते, ‘सर, पैसे तो देणार, मग अडत्या भाव कोणाकडून बोलणार?’ आम्ही त्याला व्याकरण शिकवीत होतो, अर्थशास्त्र त्याने आम्हांस शिकविले.

क्रूझचा एजंट नेमका असाच आहे. त्याचा सल्ला आपल्याला फुकट वाटतो, कारण कंपनी तो भरून काढते. मग ज्या कंपनीचे कमिशन अधिक, तिची बोट त्याला अधिक सुंदर दिसू लागली, तर दोष कोणाचा? विमानाच्या तिकिटांबाबत हे चित्र २००८ साली पालटू लागले. मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन बंद करण्याचे पाऊल उचलले, एजंटांच्या संघटनांनी विरोध केला, आणि हळूहळू तिकिटावर स्वतःचे सेवाशुल्क लावण्याची पद्धत रूढ झाली. त्या दिवशी खरे तर एजंट प्रथमच आपला झाला. आपण काय केले? दोनशे रुपये कशाचे म्हणून भांडलो आणि संकेतस्थळावर गेलो. सोनाराला घडणावळ देताना, वकिलाला फी देताना आपण इतके कुरकुरत नाही. पण प्रवासाच्या सल्ल्याला पैसे द्यायचे म्हटले की आपल्याला तो भुर्दंड वाटतो. पुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभे राहण्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला घेणाऱ्या आम्हां दोघांनाही तो भुर्दंडच वाटत आला होता, हे कबूल केले पाहिजे. आणि मुले आता थेट आंतरजालावर जातात, याची तक्रारही आम्हीच करतो.

आमचा कल अजूनही एजंटाकडेच आहे. घरात वृद्ध माणूस असेल, नावांचे घोळ असतील, पहिलाच समुद्र असेल, तर ‘आजी, गुडघे दुखता का’ असे विचारणारा माणूस हवा. ज्याला सफरींची सवय आहे, खोलीचा क्रमांकसुद्धा माहीत आहे, त्याने खुशाल थेट घ्यावे. पण एजंटाकडे जाताना आपला मोबाइल आणि आपला ई-मेल अर्जावर आपल्या डोळ्यांदेखत घालून घ्यावा, कंपनीने दिलेला बुकिंग क्रमांक आणि कंपनीची पावती मागून घ्यावी, आणि त्याला त्याच्या कामाचे पैसे आपल्या हाताने द्यावेत. कमिशन मिळत असेल तर मिळो; आपल्याकडूनही काही घेतले की तो फोनवर आपली बाजू बोलेल.

हे सारे त्याला सांगावे म्हणून गेल्या महिन्यात आम्ही त्याच्या गाळ्यात गेलो. आई बरोबर होत्या. त्यांना आता रामेश्वर पाहावयाचे आहे. आम्ही म्हटले, ‘या वेळी तुझी फी सांग, आणि अर्जावर फोन आमचा टाक.’ तो लाजला. ‘सर, तुमच्याकडून कसे घेऊ?’ आम्ही हट्ट धरला. त्याने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले, मग एका चिठोऱ्यावर आकडा लिहून पुढे सरकविला. आईंनी चष्मा लावून तो वाचला.

‘नुसतं सांग्याचे इतके?’ त्या म्हणाल्या.